बारकी बोलायला उभी राहते

रविवारची जेवणं आटोपली आणि ताटं उचलायच्या आधीच भाऊंनी घसा खाकरला. भाऊंनी घसा खाकरला की समजायचं, निर्णय झालेला आहे, आता तो फक्त ऐकायचा आहे. आत्याने हातातलं पातेलं तसंच टेबलावर ठेवलं. ती भाऊंची धाकटी बहीण. पन्नाशी ओलांडली तरी त्या खाकरण्यापुढे तिचा हात अजून थांबायचा, आणि थांबला की तिला स्वतःचाच राग यायचा.

“परवा, मंगळवारी, इस्पितळात आपली बाजू मांडायची आहे,” भाऊ म्हणाले. “मुलांच्या विभागासाठी, आणि मोठ्या माणसांसाठीही, कृत्रिम पाय कोणी बनवायचे, ते तिथे ठरणार. समोर ती बडी कंपनी आहे. तेव्हा आपल्याकडून मॅनेजर बोलेल.”

मॅनेजर म्हणजे भाऊंचा मुलगा. यंत्रं विकणाऱ्या एका फर्ममध्ये नोकरीला लागला त्या दिवशी तो टाय लावून घरभर हिंडला होता. तेव्हापासून त्याला घरात दुसरं नाव उरलं नाही. बोलायला मोठा गोड. त्याने लॅपटॉप आधीच उघडून ठेवला होता.

टेबलाच्या टोकाशी अण्णा, भाऊंचे आणि आत्याचे वडील, चहाची वाट पाहत बसले होते. घरामागचा पायांचा कारखाना त्यांनी उभा केला, लाकडाच्या पायापासून सुरुवात करून. आता ते कारखान्यात जात नसत. पण भिंतीपलीकडे पॉलिशचं यंत्र फिरायला लागलं की कुठल्या नंबरचा पॉलिशकागद लावलाय ते बसल्या जागी ओळखत.

“पाय बारकीचा आहे ना?” अण्णांनी विचारलं.

“पाय कारखान्याचा आहे,” भाऊ म्हणाले. “बारकीने कॉलेजच्या शेवटच्या वर्षासाठी तो तयार केला, मान्य. कौतुकच आहे. पण करणं वेगळं आणि बोलणं वेगळं. तिला कशाला त्रास?”

बारकी आत्याच्या शेजारीच बसली होती. भाऊंच्या दिवंगत धाकट्या भावाची ही मुलगी. बाप गेला तेव्हा ती शाळेतही जात नव्हती. त्या दिवसापासून भाऊंनी तिच्यावर छत्र धरलं, आणि ते इतकं मोठं धरलं की तिच्या वतीने बोलायचं कामही त्यांनीच घेतलं. ‘कितवीत आहेस गं?’ असं पाहुण्याने विचारलं की उत्तर भाऊंचं. दुकानात बुटाचं माप सांगायचं, तेही भाऊंनी. पोरगी ओठ उघडायची आणि मिटायची.

“मी बोलेन,” बारकी म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. पण तिची आई, म्हणजे आत्याची वहिनी, स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती, ती तिथेच थबकली.

“अगं, पण पहिल्या वर्षी काय झालं होतं ते आठवतंय ना?” वहिनी पटकन बोलून गेली आणि मग तिलाच वाईट वाटलं.

आठवत सगळ्यांनाच होतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी वर्गासमोर छोटंसं भाषण द्यायचं होतं. बारकी उभी राहिली, कागदात डोकं घातलं, पहिलं वाक्य दोनदा वाचलं आणि बाहेर पळाली ती थेट घरी. तीन दिवस खोलीचं दार लावून बसली. भाऊ प्राचार्यांना भेटून आले. पोरीला भाषणातून सूट द्या, वाटल्यास लेखी घ्या, अशी गळ घातली त्यांनी.

ती सूट बारकीने घेतली नाही, हे मात्र भाऊंना माहीत नव्हतं. ते फक्त आत्याला माहीत होतं.

कॉलेजात बोलण्या-लिहिण्याचा तास घेणाऱ्या एक बाई होत्या, बुटक्या, सदा घाईत. त्यांनी बारकीला बोलावून विचारलं, “तू घरी कुणाशी सगळ्यात मोकळी बोलतेस?” बारकी म्हणाली, आत्याशी. “मग तिच्याशीच बोल. वर्गात तुझी आत्या बसलीय असं धर. आणि हे बघ, तुला काय सांगायचंय ते नंतर. समोरच्याला काय ठरवायचंय, ते आधी शोधून काढ.”

त्या संध्याकाळपासून आत्याची सुटका नव्हती. आत्या कारखान्यात प्लास्टरचे साचे घासायची आणि बारकी समोर उभी राहून बोलायची. आत्या दुसऱ्या कामात असली तर फळीवर सुकत ठेवलेल्या साच्यांच्या रांगेपुढे बोलायची. “एवढे पाय जमलेत ऐकायला,” आत्या म्हणायची, “आणि कान एकालाही नाही. तरी बरं, उठून कोणी जात नाही!” बारकी फोनवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करायची, ऐकताना कानांवर हात ठेवायची, आणि पुन्हा बोलायची. ‘म्हणजे’ हा शब्द ती दर वाक्यात घेते, हे तिला त्यातूनच कळलं. वाक्याचं शेपूट गिळते, तेही. पुढे पुढे ती माप द्यायला आलेल्या लोकांशी बोलायला लागली. पायाचा पट्टा कसा बांधायचा ते एकदा एका आजोबांना सांगितलं, एकदा एका चिडलेल्या बाईला, एकदा एका पाच वर्षांच्या मुलीला. आणि तीच गोष्ट तिघांना तीन तऱ्हांनी सांगावी लागते, हे तिच्या ध्यानात आलं. तिसऱ्या वर्षी ती वर्गात बोलली तेव्हा बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत, चुकाच काढल्या. बारकी त्या चुका घेऊन उड्या मारत घरी आली होती.

हे सगळं आत्याच्या जिभेच्या टोकाशी आलं होतं. पण तिने ते आत ठेवलं. पोरगीच दाखवेल.

“आधी मॅनेजरचं बघून घ्या,” ती एवढंच म्हणाली. “मग तिचं बघा. बघायला काय जातंय?”

मॅनेजरने लॅपटॉप वळवला. पडद्यावर संगीत सुरू झालं, सोनेरी अक्षरं गोल फिरत आली, ‘तीन पिढ्यांचा विश्वास’. मग अण्णांचा तरुणपणीचा फोटो. मग कारखान्याचा फोटो, ढगांसकट. मॅनेजर हसत, हात पसरत, लयीत बोलत होता. ऐकायला छानच वाटत होतं. शेवटी त्याने मान खाली घालून विराम घेतला.

“वा!” भाऊ म्हणाले. “याला म्हणतात बोलणं.”

“आणि शेवटी,” मॅनेजर उत्साहाने म्हणाला, “ती छोटी मुलगी, जिला आपण हा पाय लावलाय, तिला दारातून आत आणायची. चालत. सगळं सभागृह उभं राहील!”

“नाही,” बारकी म्हणाली.

“का? सगळ्यात जबरदस्त क्षण तोच आहे.”

“दादा, ती सात वर्षांची आहे. तिला लोकांनी पायाकडे बघितलेलं आवडत नाही. ती आपल्याकडे चालायला येते, दाखवायला नाही.”

मॅनेजरने लॅपटॉप मिटला. आत्याला तो आवडला तो या क्षणी. दुसऱ्याने बरोबर सांगितलं की हा मुलगा वाद घालत नाही. फक्त कान लाल होतात त्याचे.

बारकी उठली. कागद घेतला नाही. टेबलाच्या मोकळ्या बाजूला जाऊन उभी राहिली, दोन्ही पाय नीट टेकवले आणि सगळ्यांकडे एकेकदा बघितलं.

“मूल वाढतं, पाय वाढत नाही,” तिने सुरुवात केली. “म्हणून दर काही महिन्यांनी मुलाला नवा पाय लागतो. नवा पाय येईपर्यंत ते जुन्या, आखूड पायावर लंगडत चालतं आणि त्याची पाठ वाकते. आमच्या पायातली नळी पुढे सरकते. मूल जेवढं वाढलं तेवढी ती ओढायची आणि आतली खिट्टी लावायची. तुम्हाला आज एवढंच ठरवायचंय, की या खिट्टीवर मूल सोपवता येईल का. तर ती कुठे टिकली आणि कुठे टिकली नाही, ते मी सांगते.”

“थांब थांब,” भाऊ मध्येच म्हणाले. “कुठे टिकली नाही म्हणजे?”

“पहिल्या बनावटीत खिट्टी सरकली होती, काका. एकदा यंत्रावर. आणि एकदा ती छोटी जिन्यात असताना. तिने कठडा धरला म्हणून पडली नाही. मग आपण खिट्टीचे दात खोल केले, त्यानंतर…”

“हे बोलायचं नाही!” भाऊंनी टेबलावर हात आपटला. “डोकं ठिकाणावर आहे का? समोर कंपनीची माणसं बसलेली असणार. आपल्याच पायावर धोंडा?”

“दुसऱ्याच्या पायावर नको म्हणूनच सांगायचं,” बारकी म्हणाली. तिचा आवाज किंचित कापला. पण वाक्याचं शेपूट तिने गिळलं नाही. “काका, मुलांच्या विभागाच्या त्या प्रमुख डॉक्टर हा प्रश्न विचारणारच. त्यांचं कामच आहे ते. त्यांनी खोदून काढण्यापेक्षा मी आधी सांगितलं, तर पुढचं सगळं त्या विश्वासाने ऐकतील.”

“आणि तिथे भोवळ आली तर? तेव्हा कोण सावरणार?”

“मी सावरीन.”

आता घर दोन तटांत वाटलं गेलं. वहिनीचं म्हणणं पडलं, भाऊ सांगतात तेच ठीक, पोरीचं हसं व्हायला नको. आत्या उघड बारकीच्या बाजूने. मॅनेजर बापाकडे बघत होता, मग लॅपटॉपकडे, मग चुलतबहिणीकडे.

“बाबा,” तो शेवटी म्हणाला, “माझी रोजीरोटीच बोलण्यावर आहे, म्हणून सांगतो. माझं बोलणं ऐकून लोक ‘वा’ म्हणतील. तिचं ऐकून प्रश्न विचारतील. आणि माणूस घ्यायचा विचार करत असला तरच प्रश्न विचारतो. तिला बोलू दे.”

भाऊ खुर्ची मागे सारून उठले. “मग बोला तुम्हीच सगळे! मी येत नाही.” आणि ते कारखान्याच्या दाराने निघून गेले.

अण्णांनी चहा संपवला. “मॅनेजर,” ते म्हणाले, “माझा फोटो काढून टाक त्यातून. तो बघून पाय कसा चालतो ते कुणालाच कळणार नाही.”

सोमवारी भाऊ कुणाशी बोलले नाहीत. मॅनेजर आणि बारकी मात्र दिवसभर समोरासमोर बसून होते. मॅनेजर खडूस डॉक्टर झाला होता आणि असे काही आडवेतिडवे प्रश्न टाकत होता, की आत्याला दोनदा त्याला चापट मारावीशी वाटली. सोनेरी अक्षरं गेली, ढग गेले. नळीचा एक स्वच्छ आराखडा राहिला, एक आलेख राहिला, आणि खिट्टीचे जुने-नवे दात शेजारी शेजारी. संध्याकाळी आत्या कारखान्यात गेली तर भाऊ खिट्टीचा जुना तुकडा बोटांत फिरवत बसले होते.

“भाऊ, उद्या ये.”

“ती अडखळली तर मला बघवणार नाही गं,” भाऊ म्हणाले. रागाचा मागमूसही नव्हता आवाजात. “धाकट्याने जाताना माझ्या हातात दिलीय ती.”

“हातात दिली, खिशात ठेवायला नाही,” आत्या म्हणाली, आणि दिवा लावून निघून आली.

मंगळवारी इस्पितळाच्या वरच्या मजल्यावरच्या दालनात लांब टेबलाभोवती डॉक्टर मंडळी बसली होती. मधोमध मुलांच्या विभागाच्या प्रमुख, पिकल्या केसांच्या सर्जनबाई, चष्मा कपाळावर चढवलेला. मागच्या खुर्च्यांवर आत्या, मॅनेजर आणि वहिनी. कंपनीचा माणूस आधी बोलला. सूट, हसरा चेहरा, चकचकीत पडदा. मॅनेजर आत्याच्या कानाशी लागला, “मीच बोलतोय असं वाटलं!”

बारकीचं बोलावणं आलं आणि त्याच वेळी मागचं दार हळूच उघडलं. भाऊ आत आले, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि आत्याच्या शेजारी अंग चोरून बसले. आत्याने त्यांच्याकडे बघितलं नाही; नुसती आपली पिशवी उचलून त्यांना जागा करून दिली.

बारकी उभी राहिली. काही क्षण ती बोललीच नाही. आत्या खुर्चीत पुढे सरकून बसली. मग तिच्या लक्षात आलं, पोरगी घाबरलेली नाही, वाट बघतेय. टेबलापलीकडचे दोन डॉक्टर आपापसांत कुजबुजत होते, ते गप्प होईपर्यंत तिला थांबायचं होतं. ते गप्प झाले.

“मूल वाढतं, पाय वाढत नाही,” बारकी म्हणाली.

सर्जनबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

पुढचं आत्याला नंतर सलग आठवलं नाही, तुकडे आठवले. बारकीने नळी स्वतः हातात धरून ठेवली नाही, पहिल्या डॉक्टरच्या हातात दिली आणि म्हणाली, “ओढून बघा.” ती नळी टेबलावरून हातोहात फिरली. खिट्टी लागल्याचा ‘खट्’ आवाज आला की बारकी थांबायची. आलेख आला तेव्हा तिने ऐकणाऱ्यांकडे पाठ केली नाही. आणि खिट्टी सरकल्याचं तिने जसंच्या तसं सांगितलं, जिन्यासकट. कंपनीच्या माणसाने खाली बघून काहीतरी टिपून घेतलं.

“एक मिनिट,” सर्जनबाई म्हणाल्या. “ती मुलगी जिन्यात होती तेव्हा बरोबर कोण होतं?”

“मी होते.”

“तिच्या आई-वडिलांना काय सांगितलंत?”

हा प्रश्न मॅनेजरने सोमवारी विचारलेला नव्हता.

“त्याच दिवशी त्यांच्या घरी गेले,” बारकी म्हणाली. “खिट्टी सरकली, चूक आमच्या बनावटीची आहे, मुलीची नाही, असं सांगितलं. पाय परत घेतला. तिला तात्पुरता जुन्या पद्धतीचा दिला. नवे दात बसवून तपासणी झाल्यावर त्यांना कारखान्यात बोलावून यंत्रावर दाखवलं. पाय पुन्हा घ्यायचा का, ते तुम्ही ठरवा, असं मी म्हणाले. तिची आई म्हणाली, विचार करते. मग मुलगीच म्हणाली, मला तोच हवा.”

सर्जनबाईंच्या शेजारचे एक तरुण डॉक्टर पुढे झुकले. “थंडीत हा धातू आकसतो. खिट्टी सैल होईल का?”

“ते मी अजून तपासलेलं नाही,” बारकी म्हणाली. “अंदाजाने सांगणार नाही. शुक्रवारपर्यंत चाचणी करून कळवते.”

“आणि सॉकेट? मांडीशी घासून जखमा होतात, ही आमची नेहमीची तक्रार आहे.”

भाऊ ताडकन उठले. सॉकेट म्हणजे त्यांचा जीव की प्राण. आजवर मांडीच्या मापाचं वाटीसारखं खोबण त्यांच्याइतकं मऊ कुणी घडवलं नव्हतं. उत्तर तोंडात तयार होतं. पण उठल्यावर त्यांना एकदम भान आलं आणि ते तसेच, अर्धवट हात वर करून उभे राहिले. आत्या त्यांची बाही ओढणार, तोच बारकीने पुढून त्यांना पाहिलं.

ती बावरली नाही. हसली.

“याचं उत्तर माझ्यापेक्षा चांगलं देतील असे एकच जण आहेत,” ती डॉक्टरांना म्हणाली. “हे माझे काका. आमच्याकडचं प्रत्येक सॉकेट त्यांच्या हातून जातं. मी हे काम त्यांच्याजवळ बसून शिकले. काका, याल का पुढे?”

भाऊ पुढे गेले. आयुष्यभर न विचारता बोलत आलेला तो माणूस, विचारल्यावर बोलायला लागला तेव्हा आधी त्याला शब्दच फुटेनात. बारकीने रिकामं सॉकेट उचलून त्यांच्या हातात ठेवलं आणि एक पाऊल बाजूला सरकली. हातात वस्तू आल्याबरोबर भाऊ सावरले. कड कुठे वळवायची, मुलाची मांडी बसल्यावर कशी पसरते, सगळं त्यांनी सांगितलं. बेताचं सांगितलं. आणि झाल्यावर पुतणीकडे बघून म्हणाले, “पुढचं ती सांगेल.”

आत्याला समोरचं धूसर दिसायला लागलं. मॅनेजरने रुमाल पुढे केला. “धूळ फार आहे इथे,” ती म्हणाली. “हो ना,” मॅनेजर म्हणाला, आणि रुमाल परत घेऊन स्वतःचेही डोळे पुसले.

सगळं संपल्यावर सर्जनबाई बाहेर आल्या. मोठ्या माणसांचे पाय कंपनीला देताहेत, त्या उभ्या उभ्याच म्हणाल्या. मुलांचा विभाग वर्षभर तुमच्याकडे, शुक्रवारची चाचणी ठीक आली तर. भाऊ हात जोडून आभार मानायला लागले. पण बाईंचं लक्ष बारकीकडे होतं.

“आमच्याकडे शिकाऊ डॉक्टर आहेत. हुशार आहेत, पण आई-बापांना वाईट बातमी सांगायची वेळ आली की भिंतीशी बोलतात. तुम्ही येऊन त्यांच्याशी बोलाल? त्या मुलीच्या घरी गेलात, दार वाजवलंत आणि पहिलं वाक्य काय म्हणालात, तिथून सुरुवात करा.”

“येईन,” बारकी म्हणाली. “पण भाषण नको. मी त्यांना बोलायला लावीन.”

“तेच हवंय मला,” बाई म्हणाल्या आणि चष्मा पुन्हा कपाळावर चढवून चालू लागल्या.

भाऊंनी फोन काढला होता. बोळाच्या टोकाशी उभं राहून ते अण्णांना सांगत होते, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात. “माझी पुतणी! हो हो, बारकीच! अहो, मला बोलायला लावलं तिने!” शेजारून जाणारी नर्स दचकली. वहिनी त्यांच्याजवळ उभी राहून हसत होती आणि रडतही होती.

बारकी दिसेना, म्हणून आत्या शोधत गेली. ती पाण्याच्या नळाशी होती. चेहरा धुतलेला. आत्याने तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. बर्फासारखे गार.

“मध्ये दोन वाक्यं विसरले मी,” बारकी म्हणाली.

“कुणाच्या बापाला कळलं नाही!”

“मला कळलं ना. आलेखानंतर मी घाई केली. तिथे श्वास घ्यायला हवा होता. आणि त्या कोपऱ्यातल्या डॉक्टरांकडे एकदाही बघितलं नाही, ते रुसल्यासारखे बसले होते.” ती भुवया आक्रसून विचार करत होती. “पुढच्या वेळी मी त्या बाजूला उभी राहीन.”

आत्याने पदराने पोरीचा चेहरा पुसला, आणि तिचे गार हात चोळत तिथेच उभी राहिली, ते ऊबदार होईपर्यंत.